क्लास सुरू केल्यापासून मी जास्तच चिडकी झालेय, मी पुढे चाललेय की मागे?

पत्र: मावशी, शालोम. मी मूळची ठाण्याची, लग्नानंतर अश्दोदला आले, इथे एका बेत आवोतमधे म्हणजे वृद्धाश्रमात कामाला आहे. मागच्या पेसाखच्या सणानंतर कामावरच्या एका मैत्रिणीमुळे कबालाच्या म्हणजे ज्यू गूढविद्येच्या क्लासला जायला लागले, आठवड्यातून एक संध्याकाळ. सुरुवातीला इतकं छान वाटायचं की बसमधून घरी येताना डोळ्यात पाणी यायचं, आता तसं काहीच होत नाही, वाचायला बसलं की झोप येते. आणि माझ्यात काही सुधारणा झालीय असंही दिसत नाही, उलट मुलाला गणित शिकवताना मी पूर्वीपेक्षा जास्त ओरडते असं मला वाटतं, सासूबाईंना उलट बोलले की रात्रभर तेच डोक्यात फिरत राहतं. सासूबाई म्हणतात आपल्याला एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया संदेष्टा आहे, त्याच्या नावाचा मलिदा आहे, शब्बाथ आहे, हे नवीन खूळ कशाला, शिवाय चाळीशीच्या आत आणि बाईमाणसाने हे वाचायचं नसतं. मी चौतीसची आहे. माझं हिब्रू बोलण्यापुरतं ठीक पण पुस्तकाचं जमत नाही. त्यात यांची नोकरी गेली आणि क्लासमधली एक बाई म्हणाली की हा तुमचा मागच्या जन्मातला तिक्कून म्हणजे आत्म्याची दुरुस्ती बाकी आहे, घरात झोहर या कबालाच्या मुख्य ग्रंथाचा सेट आणून ठेव, लाल धागा बांध, सगळं फिरेल. सेटची किंमत आमच्या महिन्याच्या किराण्याएवढी आहे. घेऊ का? आणि मुळात मी पुढे चाललेय की मागे हे कळायचं कसं?

उत्तर:

शालोम बाळा,

तुझ्या पत्रात बरेच प्रश्न आहेत पण मला त्यातला खरा वाटतो तो शेवटचा, बाकीचे त्याच्याभोवती गोळा झालेत, त्यामुळे आधी तोच घेते. सेटचं उत्तर मात्र आत्ताच देऊन टाकते, घरात पगार थांबलेला असताना ते लांबवण्यात अर्थ नाही. घेऊ नकोस. का ते खाली लिहिलंय.

तू म्हणतेस सासूबाईंना उलट बोललं की रात्रभर तेच डोक्यात फिरतं. क्लासला जायच्या आधी असं फिरायचं का गं? आठवून बघ. बहुतेक वेळा आपण बोलून मोकळे होतो, मग डाळीला फोडणी घालतो आणि विसरतो, आणि वर मनात म्हणतो की त्यांनीच सुरुवात केली होती. आता तू बोलतेस आणि बोलल्याचं तुला दिसतं. ओरडणं खरंच वाढलंय का हे मला इथून नाही सांगता येणार, पण तुझ्या वाक्यातलं "असं मला वाटतं" मी दोनदा वाचलं. माझ्या मते ओरडणं तेवढंच आहे, ते आता तुला ऐकू यायला लागलंय.

इस्राएलमधे नवशिक्यांसाठी जे क्लास चालतात त्यातले बरेचसे रब्बी येहुदा अश्लाग यांच्या वळणाचे असतात, तुझाही कदाचित तसाच असेल. हे वॉर्साहून जेरुसलेमला आलेले, झोहरवर त्यांनी सुलाम नावाचं मोठं भाष्य लिहिलं, 1954 मधे वारले. त्यांची मांडणी अगदी थोडक्यात सांगायची तर अशी की माणूस मुळापासून घेण्याच्या इच्छेचा बनलाय, सगळं मला, माझ्यासाठी, आणि देवाचा स्वभाव आहे देणं. देवाजवळ जायचं म्हणजे कुठे वर उडून जायचं नाही, स्वभावाने त्याच्यासारखं व्हायचं. आणि तसं व्हायच्या आधी एक पायरी कुणालाच चुकत नाही, ती म्हणजे आपण किती "मला मला" करतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणं. याला ते हकारात हारा म्हणतात, आपल्यातल्या वाईटाची ओळख पटणं. ही पायरी चढताना माणसाला हमखास वाटतं की आपण खाली घसरतोय, कारण आतापर्यंत आपण स्वतःला बऱ्यापैकी चांगले समजत होतो. तर तू मागे नाही गेलेलीस. तू नेमकी तिथे आहेस जिथे क्लासला गेलेल्या माणसाने काही महिन्यांनी असायला हवं.

पण इथे एक गोष्ट जपून सांगते. रात्रभर तेच डोक्यात घोळवत बसणं ही ओळख नव्हे. ओळख पटायला पाच मिनिटं पुरतात, उरलेली रात्र जी जाते ती "मी अशी कशी", "मी किती वाईट" यात जाते, म्हणजे परत मीच. त्यात सासूबाई कुठेच नाहीत. त्यांना काय लागलं, सकाळी त्यांचा चहा कसा गेला, हे त्या सगळ्या विचारात आलं का? आलं असेल तर फार छान, नसेल तर तो वेळ झोपेला दे.

आता रागाचं, कारण हा विषय कबालात फार मोठा आहे आणि क्लासमधे दहा सेफिरोतच्या, म्हणजे देवाच्या दहा गुणांच्या, आकृत्या काढण्याच्या नादात तो मागे पडतो.

सोळाव्या शतकातलं त्सफात तुला माहीतच असेल, गालीलच्या डोंगरातलं गाव, अश्दोदहून गाडीने दोन-अडीच तासांवर, आपली मंडळी तिथे सहलीला जातात आणि निळ्या दारांचे फोटो काढून येतात. तिथे 1570 मधे रब्बी यित्झहाक लुरिया आले, ज्यांना सगळे आरी म्हणतात, आणि 1572 मधे साथीच्या आजारात गेले, वय अवघं अडतीस. एवढ्या थोड्या काळात त्यांनी जे तोंडी शिकवलं ते त्यांचे शिष्य हाईम विताल यांनी लिहून ठेवलं आणि आज आपण ज्याला कबाला म्हणतो त्यातला फार मोठा भाग तिथून आलाय. तर विताल स्वतःच लिहितात की ते आपल्या भावाला शिकवत होते आणि भावाला हवं तसं येत नव्हतं म्हणून त्याच्यावर चिडायचे, आणि यावरून गुरूंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. आरींचं म्हणणं होतं की बाकीची पापं एकेका अवयवाला लागतात पण राग सगळ्या आत्म्यालाच लागतो, आणि म्हणून ते रागाबद्दल इतर कुठल्याही चुकीपेक्षा कडक होते. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. जगाच्या उत्पत्तीची गुपितं ज्याने लिहून ठेवली त्याला गुरू बोलले कशावरून, तर भावाचा अभ्यास घेताना आवाज चढला म्हणून. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर गणिताच्या वहीपाशी जे चाललंय ते या विद्येच्या बाहेरचं नाही, अगदी मधोमधचं आहे.

मग करायचं काय? आरींच्या शिकवणीत त्सिमत्सुम येतं ना, क्लासमधे झालंच असेल, की सगळीकडे एकच अनंत प्रकाश भरलेला होता, जगाला जागाच नव्हती, मग देव स्वतः मागे सरला आणि मधे मोकळी जागा झाली, त्या जागेत जग उभं राहिलं. हे फळ्यावर लिहून घेतलंस तर परीक्षेपुरतं. टेबलावर बघ. पोरगं सातचा पाढा आठवतंय, तू त्याच्या डोक्यावर उभी, त्याने तोंड उघडायच्या आत उत्तर तुझ्या तोंडात, पेन्सिल तुझ्या हातात, त्याला चुकायलासुद्धा जागा नाही. मागे सरून बघ. खुर्ची खरोखरच हातभर मागे घे, त्याला चुकू दे, खोडू दे, परत चुकू दे. आणि बेत आवोतमधून सकाळची पाळी करून आल्या आल्या गणित घेऊ नकोस, थकलेल्या माणसाला कुठलाच कबाला वाचवत नाही, आधी पोटात काहीतरी घाल. शिवाय सध्या मुलाचे पप्पा घरी आहेत, गणित काही दिवस त्यांना घेऊ दे, नोकरी गेलेल्या माणसाला घरात कुणाला तरी आपला उपयोग आहे हे कळणं फार गरजेचं असतं, हे तू माझ्याहून जास्त जाणतेस.

पुढे की मागे हे मोजायचं असेल तर राग येतो की नाही ते धरू नकोस, तो येणारच. आल्यावर किती वेळात परत येतेस ते बघ. आधी दोन दिवस अबोला चालायचा तो आता संध्याकाळपर्यंत मिटतो का? चूक आपली असेल तर तोंडातून "चुकलं माझं" निघतं का? वर्ष-सहा महिन्यांनी घरातल्यांना तुझ्यासोबत राहणं सोपं वाटतंय का? माझ्या मते याच्याशिवाय दुसरं माप नाही. स्वप्नात अक्षरं दिसणं, अंगावर काटा येणं, प्रकाश जाणवणं, असल्या गोष्टी क्लासमधे कुणी रंगवून सांगत असेल तर ऐकून घे, पण त्या तुला होत नाहीत म्हणून स्वतःला कमी समजू नकोस.

आणि झोपेचं. सुरुवातीला बसमधे डोळे भरून यायचे आणि आता वाचताना झोप येते, हे इतक्या जणांना होतं की याला नावंसुद्धा आहेत, मोठेपणाची अवस्था ती गदलुत आणि छोटेपणाची ती कातनुत, आणि माणूस या दोन्हीत ये-जा करत राहतो. यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनात ते जिवंत प्राणी धावतात आणि परततात असं आहे, आणि सेफेर येत्सिरा या फार जुन्या छोट्या पुस्तकात त्यावरूनच म्हटलंय की मन धावत सुटलं तर जागेवर परत ये. जागेवर म्हणजे कुठे, तर माझ्या समजुतीने रोजच्या कामात. सुरुवातीचा तो भर तुझ्या कमाईचा नव्हता, दिलेला होता, चव कळावी म्हणून. आता जे कोरडं कोरडं चाललंय त्यातही तू जातेस, पान उलटतेस, ती तुझी कमाई. झोप आली तर झोप, पण दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं परत बस. तासभर बसायचा हट्ट नको.

तुझ्या कामाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, आणि मला वाटतं तुझा खरा अभ्यास तिथेच चाललाय. आरींच्या आधी त्सफातमधे रब्बी मोशे कॉर्दोवेरो होते, 1570 मधे गेले, त्यांनी तोमेर देवोरा म्हणून एक छोटं पुस्तक लिहिलं. दहा सेफिरोत म्हणजे देवाचे दहा गुण किंवा प्रकट होण्याच्या दहा रीती म्हण, त्यावर त्यांनी मोठमोठे ग्रंथही लिहिले, पण या छोट्या पुस्तकात ते एवढंच विचारतात की हा गुण माणसाने स्वतःच्या वागण्यात आणायचा कसा. हेसेद म्हणजे माया, तर तिथे ते काय सांगतात, आजाऱ्याला बघायला जा, बाळंतपणात मदत कर, पाहुण्याला घरात घे, मेलेल्याची शेवटची सेवा कर, नवरा-बायकोत समेट घडव. आणि सगळ्यात वरची सेफिरा केतेर, जिच्याबद्दल बोलायलासुद्धा लोक बिचकतात, तिच्याबद्दल सांगताना ते चेहऱ्यावर येतात. कपाळावर आठी नको, कान वाईट ऐकायला टवकारलेले नकोत, चेहरा समोर येईल त्याच्यासाठी उजळलेला असावा, तोंडातून चांगलंच निघावं.

आता सकाळी सातला एखाद्या आजींचं अंथरूण बदलताना, त्या तुला ओळखत नाहीत, हात झटकतात, वर चार शब्द सुनावतात, तेव्हा तुझ्या कपाळावर आठी आहे की नाही हे बघायला दुसरं कोणी नसतं. एक आठवडा फक्त कपाळ घे. पुढचा आठवडा कान घे, म्हणजे ब्रेकमधे कुणाच्या घरचं काय चाललंय ते ऐकण्यातून उठून जायचं. एका वेळी एकच, आणि कुणाला सांगायचं नाही. हे वाचायला सोपं वाटतं पण करून बघ, चार दिवसात कळेल.

बाकी आरी स्वतः डोंगरात बसलेले साधू होते असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नकोस. कैरोला असताना ते काळ्या मिरीचा वगैरे व्यापार करायचे, त्याचे कागद सापडलेत. आणि मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायचीच याबाबत इतके काटेकोर की हातात पैसे नसले तर आधी पैसे मिळवून मजुराला देणार आणि मग मिनहाच्या तफिल्लाला म्हणजे दुपारच्या प्रार्थनेला उभे राहणार, तफिल्लाची वेळ अगदी संपत आली तरी चालेल. मजुराचे पैसे अडकवून देवापुढे कसा उभा राहू असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे तुझा दिवस नोकरी, किराणा, शाळा यात जातो म्हणून तुला अध्यात्माला वेळ मिळत नाही, हे मनातून काढून टाक.

आता सासूबाई. त्यांचं चाळीशीचं म्हणणं हवेतलं नाही, त्यामागे खरा इतिहास आहे. सतराव्या शतकात शब्बताई त्सवी नावाच्या माणसाने मी मशीहा म्हणजे तारणहार असं जाहीर केलं, कबालाचीच भाषा वापरून, अर्धं ज्यू जग त्याच्यामागे गेलं, लोकांनी घरदार विकायला काढलं आणि 1666 मधे सुलतानापुढे तो मुसलमान झाला. त्या धक्क्यानंतर, आणि पुढे पोलंडमधे याकोव फ्रांकचा तसलाच प्रकार झाल्यावर, 1756 मधे ब्रोडी गावच्या रब्बींच्या सभेत ठरलं की तिसाच्या आत झोहर नको आणि चाळिसाच्या आत आरींची शिकवण नको. घाबरून घातलेलं कुंपण होतं ते, आणि त्यांचं घाबरणं बरोबरच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या पुण्यात एका बगदादी ज्यू गृहस्थाने झोहरमधला इद्रा झुटा हा भाग ज्यू-अरबीत भाषांतर करून छापला तेव्हासुद्धा बगदादच्या रब्बींनी विरोध केला होता, इतकी ती भीती खोल होती. पण ज्यांच्या शिकवणीवर ही अट घातली ते आरी स्वतः अडतिसाव्या वर्षी गेले आणि कॉर्दोवेरोंनी विशीत सुरुवात केली होती. बायकांसाठी ही दारं बहुतेक काळ बंदच होती हे खरं आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. तरी त्याच त्सफातमधे फ्रांचेस्का सारा नावाची बाई होती, तिला दर्शनं व्हायची आणि गावातले मोठमोठे विद्वान तिचं ऐकायचे, हे विताल यांनीच लिहून ठेवलंय. आजचे अनेक शिक्षक तीस-चाळीसची अट न धरता बायकांना शिकवतात. चौतीसला तू नीती आणि तफिल्लापासून सुरुवात करतेस याला हरकत घेणारा रब्बी विरळाच.

पण सासूबाईंशी वाद घालून हे पटवायला जाऊ नकोस, त्यांच्या बोलण्यातला जो खरा भाग आहे तो धर. त्या म्हणतात आपल्याला एलियाहू हन्नाबी आहे. आपली बेने इस्राएलची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, माणसं मुलाची सुंता, लग्न, नवस काहीही असो एलियाहू हन्नाबीचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत, मलिद्याच्या ताटात गोड पोहे, खोबरं, फळं मांडतात, अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण आहे म्हणून आजही लोक जातात. आणि कबालाच्या परंपरेत सांगतात की आरींना ही विद्या कुणी दिली, तर एलियाहू हन्नाबीने. मग हे परकं कसं? त्यांना जाऊन विचार की तुमच्या आजेसासूबाई मलिदा कसा करायच्या, कोणती गाणी म्हणायच्या, आणि शांतपणे ऐक. ते ऐकणं क्लासच्या संध्याकाळीइतकंच मोलाचं आहे असं मी अगदी मनापासून सांगते.

आणि तुझ्या हातातला सिद्दूर म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक उघडून बघ. शुक्रवारी संध्याकाळी लेखा दोदी हे गाणं म्हणतो ते त्सफातच्याच श्लोमो अलकाबेझ यांचं, ते कॉर्दोवेरोंचे मेहुणे. ठाण्याच्या सिनेगॉगमधे लहानपणापासून म्हणत आलीस ते. बऱ्याच सेफार्दी सिद्दुरात सकाळच्या तफिल्लाच्या आधी एक ओळ असते की शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर ही आज्ञा मी स्वतःवर घेतो, ही आरींची पद्धत. रात्री झोपताना शमा या प्रार्थनेच्या आधी "हरेनी मोखेल" येतं, ज्याने ज्याने मला चिडवलं, दुखवलं त्या सगळ्यांना मी माफ करतो, या जन्मातलं असो की दुसऱ्या. तुझं पुस्तकी हिब्रू कच्चं आहे ना, मग या दोन जागा मराठीत अर्थ समजून रोज म्हण. सकाळची ओळ घराबाहेर पडायच्या आधी आणि रात्रीची दिवा घालवायच्या आधी. तुझ्या जागत्या रात्रींवर याच्याइतका चांगला उपाय मला माहीत नाही.

आता ती क्लासमधली बाई. इथे मी जरा कडक बोलणार आहे. नोकरी गेलेल्या माणसाच्या बायकोला "तुमचा मागच्या जन्मीचा हिशोब बाकी आहे" असं म्हणणं हे जखमेवर मीठ चोळणं आहे, आणि आपल्या धर्मात त्याला सरळ मनाई आहे. तालमुद या जुन्या धर्मग्रंथाच्या बावा मेत्सिया भागात शब्दांनी दुखवण्याबद्दल जे येतं त्यात हेच उदाहरण आहे, की एखाद्यावर संकट आलं तर ईयोबचे मित्र त्याच्याशी बोलले तसं बोलू नये, म्हणजे तूच काहीतरी केलं असशील असं म्हणू नये. गिलगुल म्हणजे पुनर्जन्माची शिकवण कबालात आहे, मी नाकारत नाही. पण विताल यांनी जिथे जिथे आत्म्यांचा मागचा प्रवास सांगितलाय तिथे तो आरींनी पाहिला म्हणून सांगितलाय, आरींना ती दृष्टी होती असं ते मानत. क्लासमधे शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बाईला ती नाही. तिक्कून प्रत्येकाने आपापला शोधायचा असतो, दुसऱ्याच्या नावावर लावायचा नसतो. यांच्या कानावर हे जाऊ देऊ नकोस. यांनी अजून लिश्कात तासुकात म्हणजे रोजगार कार्यालयात नाव नोंदवलं नसेल तर उद्याच नोंदवायला लाव, बेकारीचा भत्ता तिथल्या नोंदणीवर अवलंबून असतो आणि उशीर केला तर तेवढे दिवस बुडतात.

लाल धागा बेथलेहेमला राहेलच्या कबरीभोवती गुंडाळून आणायची लोकांची रीत आहे, पण झोहरमधे कुठेही तो बांधा असं सांगितलेलं नाही. आजीने मायेने बांधला तर असू दे, विकत घेऊन नको. सेटचंही तेच. झोहर अरामीत आहे, तेराव्या शतकाच्या शेवटी स्पेनमधे तो बाहेर आला, परंपरा त्याला रब्बी शिमोन बार योहाईंचा मानते, अभ्यासक मोशे दे लेओन यांच्याकडे बोट दाखवतात, आणि दोघंही एका गोष्टीवर एकमत होतील की तो नवशिक्याला एकट्याने कळत नाही. न समजता अक्षरांवर नजर फिरवण्याची प्रथा मोरोक्को, इराककडच्या मंडळींत आहे आणि श्रद्धेने करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण किराण्याचे पैसे घालून कपाटात सेट ठेवा म्हणजे नोकरी लागेल, हा व्यवहार झाला. घेण्याची इच्छा कमी करायला आलेल्या माणसाला तीच इच्छा दाखवून पुस्तक विकायचं, हे मला पटत नाही.

वाचायचंच असेल तर तोमेर देवोरा घे, पातळ आहे, इंग्रजीत सहज मिळतं. आणि रब्बी मोशे हाईम लुझ्झात्तो यांचं मेसिलात येशारीम, 1740 मधे अ‍ॅम्स्टरडॅमला छापलेलं. हेही मोठे कबाली, पण या पुस्तकात कबालाचं अवघड काही नाही, आणि सुरुवातीलाच ते सांगतात की लोकांना माहीत नसलेलं शिकवायला मी हे लिहिलं नाही, माहीत असलेलंच आठवण करून द्यायला लिहिलंय. दोन्ही वाचनालयात मिळतील. एका बैठकीत एक परिच्छेद, त्याहून जास्त नको.

क्लास सोडू नकोस असं माझं मत, फक्त शिक्षकांना एकदा बाजूला घेऊन दोन गोष्टी विचार. एक, सेट वगैरे घेणं क्लासचा भाग आहे का. दोन, सध्या घरात पगार एकच आहे, तर फी थांबवून बसू देतील का. चांगला शिक्षक दुसऱ्या प्रश्नावर हो म्हणेल आणि पहिल्यावर त्या बाईंशी स्वतः बोलेल. तसं झालं नाही, उलट सेटचा आग्रह वाढला, तर मग तिथून उठ आणि तुला घेऊन जाणारी ती कामावरची मैत्रीण आहे ना, तिच्यासोबत दोघींनीच वाचा. त्सफातमधे कॉर्दोवेरोंच्या मंडळींचा नियम होता की रोज एका सोबत्याशी या विषयावर बोलायचं आणि शब्बाथच्या आदल्या दिवशी त्याच सोबत्याला आठवड्यात आपण काय काय केलं ते सांगायचं. तुम्हा दोघींची पाळी एकच असेल तर शुक्रवारी कामाच्या ब्रेकमधे पंधरा मिनिटं काढता येतील, आणि त्याला फी लागत नाही.

तुझी,
मावशी